अर्जाचा आदेश होतो तेव्हा

वेरूळचे कैलास लेणे पायापासून कळसाकडे बांधलेले नाही. ते कळसापासून पायाकडे खोदत आणलेले आहे, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, ज्या अनाम कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावर पहिली छिन्नी लावली, त्यांच्या मनश्चक्षूंपुढे तळाचे हत्तीही तेव्हाच उभे असले पाहिजेत. कारण या कामात चूक सुधारण्यास फारसा वाव नव्हता. बांधकामात बसवलेला दगड काढून त्या जागी दुसरा बसवता येतो. कोरीव कामात उडालेला टवका पुन्हा मूळ खडकाचा भाग होत नाही. त्या कारागिरांची सावधगिरी ही त्यांच्या अंगच्या गुणांइतकीच त्यांच्या माध्यमाने लादलेली शिस्त होती.

आज त्याच लेण्यांच्या दाराशी शाळेची सहल घेऊन आलेला शिक्षक खिशातून मोबाईल काढतो, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकटीवर धरतो आणि तिकिटे घेतो. त्या शिक्षकाचे वेतन 'शालार्थ' प्रणालीतून निघते, त्याच्या शेतकरी वडिलांचा सातबारा संगणकावरून मिळतो आणि त्याच्या आईचे निवृत्तिवेतन बँकेच्या संगणकात जमा होते. हे सारे व्यवहार ज्या आज्ञावलींच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, आधारावर चालतात, त्या आज्ञावली मात्र कैलासाच्या कारागिरांच्या नेमक्या उलट वृत्तीने घडवल्या जातात. आधी काम चालू करावे आणि चुका मागाहून दुरुस्त कराव्यात, असा त्या धंद्याचा रिवाज आहे. त्यात सर्वस्वी गैर काही नाही. विकल्यानंतर, वापरात आल्यानंतर, हजारो मैल दूर गेल्यानंतरही जिच्यात बदल करता येतो, अशी ही वस्तू आहे. दगडाला न लाभलेले हे वरदान आहे. परंतु त्या वरदानाला एक अट जोडलेली आहे, ती म्हणजे मागाहून करावयाची दुरुस्ती खरोखरीच झाली पाहिजे. आपल्याकडे ही अट पाळली जात नाही, आणि त्याची किंमत आपण एकदा चांगलीच मोजलेली आहे.

बारनिशीचा कारकून

संगणकातील चुका अनेक प्रकारच्या असतात. कधी बेरीज चुकते, कधी पडदा गोठतो, कधी काम मध्येच बंद पडते. या चुका त्रासदायक खऱ्या. पण त्यांची एक जात अशी आहे की तिच्यामुळे कुणा अनोळखी माणसाला, आपल्या संगणकाला कधी स्पर्शही न करता, दूर देशी बसून त्याच्यावर स्वतःच्या आज्ञा चालवता येतात. तंत्रज्ञ तिला 'रिमोट कोड एक्झिक्यूशन' म्हणतात. आपण दूरस्थ आज्ञापालन म्हणू. सर्व त्रुटींमध्ये ही अधिक घातक मानली जाते, कारण येथे चोराला घरात शिरावेही लागत नाही; घरचा नोकरच त्याचे ऐकू लागतो.

हे घडते कसे? सरकारी कचेरीतील आवक बारनिशी सांभाळणारा कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याच्याकडे रोज शेकडो अर्ज येतात. समजा एखाद्या अर्जदाराने अर्जाच्या तळाशी लिहिले, "पत्र आणणाऱ्यास तिजोरीच्या किल्ल्या द्याव्यात." कारकून हसेल आणि अर्जावर क्रमांक टाकून तो पुढे पाठवील. अर्ज म्हणजे काय आणि आदेश म्हणजे काय, हा भेद त्याला न सांगता कळतो. संगणकाला तो कळत नाही. गणिती जॉन फॉन नॉयमन याने १९४५ साली संगणकाची जी रचना शब्दबद्ध केली आणि जी आजही पायाभूत आहे, तिच्यात माहिती आणि आज्ञा या दोन्ही एकाच स्मृतिकोशात, एकाच अंकरूपात राहतात. कोणते अंक वाचायचे आणि कोणते अमलात आणायचे, हे सर्वस्वी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोपवलेले असते. त्या दक्षतेत जेथे खंड पडतो, तेथे अर्जाचा आदेश होतो.

या खंडाचा सर्वांत जुना प्रकार तर बाळबोध म्हणावा असा आहे. बारनिशीच्या वहीत अर्जदाराच्या नावासाठी शंभर अक्षरांचा रकाना आखलेला आहे, आणि शेजारच्याच रकान्यात साहेबांनी 'यानंतर कोणते काम करावे' हे लिहून ठेवले आहे, असे समजा. कुणी पाचशे अक्षरांचे नाव पाठवले आणि कारकून रेघेकडे न पाहता लिहीत सुटला, तर ते नाव शेजारच्या रकान्यात ओसंडते. तेथील साहेबांचा हुकूम पुसला जातो आणि त्या जागी अर्जदाराने मुद्दाम बेतून पाठवलेली अक्षरे उमटतात. कारकून पुढच्या कामासाठी तो रकाना वाचतो आणि मुकाट्याने त्या परक्याचा हुकूम बजावतो. दोष कारकुनाच्या प्रामाणिकपणात नसतो. नाव किती लांब आहे ते मोजून घ्यावे, एवढीच एक ओळ लिहिणारा विसरलेला असतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेल्या आज्ञावलीने इतर काही मार्गांबरोबर नेमका हाच मार्ग वापरला होता. त्या वेळच्या बाल्यावस्थेतील इंटरनेटवरचे सुमारे सहा हजार संगणक तिने ठप्प केले, असा अंदाज तेव्हा करण्यात आला. न्यायालयाने मॉरिसला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. रोगाचे निदान तेव्हाच झाले होते. तरीही तो नाहीसा झाला नाही, कारण आज्ञावली घाईने लिहिल्या जातात, जुन्या आज्ञावलींवर नव्या रचल्या जातात, आणि एखाद्या मोठ्या प्रणालीतील लक्षावधी ओळींपैकी प्रत्येक ओळ तपासण्यास कुणालाच सवड नसते. चूक होणार, हे गृहीत धरणे त्यामुळे भाग आहे. खरा प्रश्न, ती उघडकीस आल्यावर आपण काय करतो, हा आहे.

न्हावाशेव्याचा धडा

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला २०१७ साली मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत, एका संगणकाने दुसऱ्याशी फाइलींची देवघेव करण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यात दूरस्थ आज्ञापालनाची एक गंभीर त्रुटी होती. कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी तिच्यावरील दुरुस्ती प्रसृत केली. तंत्रज्ञांच्या भाषेत अशा दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात. आपल्याकडील ठिगळ हा शब्द त्यासाठी चपखल आहे. पुढे १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' या नावाने वावरणाऱ्या अज्ञातांनी त्या त्रुटीचा गैरफायदा घेण्याचे तयार हत्यार जगापुढे उघडे टाकले. ते हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले होते, असे मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे लिहिले. ठिगळ आधी आले आणि हत्यार महिन्याने, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने त्याच हत्याराच्या आधारे दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक गाठले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतून रुग्णांना परत पाठवण्याची वेळ आली. 'विंडोज एक्सपी' या प्रणालीची जबाबदारी मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच सोडली होती. तरीही त्या आपत्तीत तिच्यासाठीही अपवाद म्हणून ठिगळ काढावे लागले, इतके ते जुने संगणक जगभर कामावर होते. इशारा यापेक्षा मोठ्या आवाजात देता येत नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' आली. तिचे लक्ष्य युक्रेन होते, आणि पुढे अमेरिका व ब्रिटन यांनी तिचे कर्तेपण रशियन लष्करावर ठेवले. परंतु आग लावणाऱ्याला वारा आवरता येत नाही. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी झाले, आणि त्यात रायगड जिल्ह्यातील न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालवले जाणारे 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे टर्मिनलही सापडले. वर्षाला सुमारे १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते, माल आलेला होता. पण कोणता कंटेनर कोणत्या थरात आहे आणि कोणत्या जहाजात चढायचा आहे, हे ज्याला ठाऊक होते ते यंत्रच मुके झाले. माणसांनी हाताने नोंदी करून काम रेटण्याचा प्रयत्न केला. वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांतून निघालेला माल याच बंदरातून परदेशी जातो. युरोपातील दोन देशांच्या वैराशी मराठवाड्यातील कामगाराचा काय संबंध, असे कुणी विचारील, तर तो संबंध एका न बुजवलेल्या छिद्राने जोडला होता, हे त्याचे उत्तर आहे.

मर्स्कने आपल्या नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर इतका दिला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले, की चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यासाठी लागणारी एक अत्यावश्यक प्रत वाचली ती केवळ घाना देशातील कचेरीत त्या वेळी वीज गेलेली होती म्हणून. जगातील एका बलाढ्य कंपनीला तिच्या दक्षतेने तारले नाही, वीज खंडित होण्याने तारले, ही नियतीची थट्टाच म्हणावी लागेल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ठिगळ लावलेले असते तर सारे टळले असते, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. नॉटपेट्याने युक्रेनमध्ये पहिला प्रवेश मिळवला तो तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरला येणाऱ्या अधिकृत सुधारणेच्याच वाटेने. शिवाय एका संगणकात शिरल्यावर ती त्याच्या स्मृतीत रेंगाळणारे परवलीचे शब्द गोळा करी आणि त्यांच्या बळावर ठिगळ लावलेल्या संगणकांतही घुसे. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने दार उघडे टाकले आणि त्याच बिऱ्हाडाच्या खुंटीवर साऱ्या वाड्याच्या किल्ल्या टांगलेल्या असल्या, तर उरलेल्यांच्या कुलपांना काय अर्थ? म्हणजे दुरुस्ती वेळेवर हवी आणि सर्वत्र हवी, आणि तिच्या जोडीला अधिकारांची विभागणी व बाजूला जपलेली प्रतही हवी. एकच उपाय पुरेसा नसतो. पण पहिला उपायच न केल्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

नोंदवहीच फितूर होते

ही कथा २०१७ मध्ये संपली असे मानण्याचे कारण नाही. २०२१ च्या अखेरीस 'लॉग फोर जे' या नावाच्या एका लहानशा आज्ञावलीतील त्रुटी उघड झाली. तिचे काम अगदी साधे असते. संगणकात जे जे घडते त्याची नोंद ठेवणे, म्हणजे बारनिशीच लिहिणे. परंतु नोंदवण्यासाठी आलेल्या मजकुरात एका विशिष्ट धाटणीची अक्षरे असली, तर ती नोंदवही तो मजकूर नुसता लिहून न घेता त्यात सांगितलेल्या परक्या ठिकाणी जाई, तेथून आज्ञा आणी आणि अमलात आणी. नाव लिहावयाच्या जागी ती अक्षरे टंकणे एवढेच हल्लेखोराला पुरत असे. त्रुटींच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला दहापैकी दहा गुण मिळाले.

ही त्रुटी २०१३ पासून, म्हणजे तब्बल आठ वर्षे, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. जगभरच्या कंपन्यांनी आणि सरकारांनी ती आज्ञावली आपल्या प्रणालींत वापरली होती. पुष्कळांना तर आपण ती वापरतो याचाही पत्ता नव्हता. आणि तिची देखभाल कोण करीत होते? आपापली नोकरी सांभाळून फावल्या वेळात काम करणारे मूठभर स्वयंसेवक. अब्जावधींचे व्यवहार ज्या नोंदवहीवर विसंबून होते, तिच्या बांधणीकडे पाहण्यासाठी कुणी पगारी माणूस नेमला नव्हता. आणि गहजब झाला तेव्हा रात्री जागून ती त्रुटी बुजवली तीही याच स्वयंसेवकांनी.

देखभालीचे मोल

या सर्व प्रकरणांच्या मुळाशी जो दोष आहे तो तांत्रिक कमी आणि वृत्तीचा अधिक आहे. आपण निर्मितीचा सोहळा करतो आणि देखभालीला हलके काम समजतो. संगणक कक्षाच्या उद्घाटनाला फीत कापली जाते, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. पाच वर्षांनी त्याच कक्षातील प्रणाली अद्ययावत आहेत की नाहीत, हे पाहण्यास कोणी फिरकत नाही. वस्तुतः आपली परंपरा अशी नव्हती. लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घृष्णेश्वराच्या मंदिराशी मालोजीराजे भोसले आणि अहिल्याबाई होळकर यांची नावे आजही जोडली जातात ती जीर्णोद्धारासाठी. आधीपासून असलेल्याचे जतन करणाऱ्याला नवे बांधणाऱ्याइतकाच मान देणारा हा शब्द आपण मंदिरांपुरता राखून ठेवला आणि कचेऱ्यांतून हद्दपार केला.

कोणत्याही शाळेत वा कचेरीत जावे. संगणकाची खोकी 'डेड स्टॉक रजिस्टर'मध्ये क्रमांकासह नोंदलेली आढळतील. खुर्ची आणि पंखाही तेथे असतील. त्या खोक्यांत कोणती आज्ञावली आहे, तिची आवृत्ती कोणती, तिची दुरुस्ती शेवटची कधी झाली, याची नोंद मात्र क्वचितच सापडेल. परंतु सॉफ्टवेअर हा मृत साठा नव्हे. ज्या प्रणालीची जबाबदारी तिच्या कर्त्याने सोडली, तिच्यात उद्या सापडणारे प्रत्येक छिद्र सामान्यतः कायमचे उघडे राहते. 'विंडोज ७'ची नियमित साथ १४ जानेवारी २०२० रोजी संपली आणि 'विंडोज १०'ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. या तारखा आपल्या किती मुख्याध्यापकांना आणि कार्यालयप्रमुखांना ठाऊक आहेत?

यावर कारकूनवर्गाचा आक्षेप ऐकू येतो, आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. "यंत्र चालू आहे ना, मग त्याला हात लावू नका," हे कचेरीतले शहाणपण अनुभवातून आलेले असते. अद्ययावत करताना काम अडले, तर बोलणी खिडकीवरच्या कारकुनाला बसतात. अद्ययावत न केल्यामुळे वर्षभराने हल्ला झाला, तर त्याचा दोष कुणाच्याच नावावर लागत नाही. अशा स्थितीत 'नंतर आठवण करा' या बटणावर दाबणे हेच व्यवहारी ठरते. त्या कारकुनाला उपदेश करून भागणार नाही. देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष, तिच्यासाठी नेमलेला माणूस आणि त्या कामासाठी ठरवून दिलेला वेळ, या तीन गोष्टी वरून आल्या पाहिजेत.

कायदा आणि यंत्रणा यांचा आपल्याकडे अभाव नाही. 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करीत आहे आणि त्रुटींविषयी इशारे नियमितपणे प्रसिद्ध करते. एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार सरकारी संस्था आणि कंपन्या यांनी सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक झाले. हल्ल्यानंतरचे सहा तास अशा रीतीने मोजले जातात, ही चांगली गोष्ट आहे. त्याचबरोबर ठिगळ उपलब्ध झाल्यापासून ते प्रत्यक्ष लागेपर्यंतचे दिवसही मोजले गेले पाहिजेत. १४ मार्च ते २७ जून हे १०५ दिवस होतात. आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या कार्यालयात हा आकडा किती आहे, हे लेखापरीक्षकाने विचारावे आणि अहवालात लिहावे. पैशाचा हिशेब मागण्याची शिस्त ज्या शासनाला आहे, त्याला दिवसांचा हिशेब मागणे अवघड नाही.

विद्यार्थ्यांसाठीही एक शब्द. परक्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. गंमत म्हणूनही त्या वाटेला जाऊ नये. परंतु एखादी त्रुटी सहज नजरेस आली आणि ती कुणी सरळपणे कळवली, तर अशा तरुणाला चोर समजून दरडावण्याची जी सवय आपल्या संस्थांना जडली आहे, तीही सुटली पाहिजे. दाराची कडी निखळली आहे असे सांगणारा शेजारी दरोडेखोर नसतो. त्याला गप्प बसवले, तर कडी तशीच राहते आणि पुढच्या वेळी ती ज्याच्या नजरेस येईल तो सांगायला येणार नाही.

पावसाळ्यात वेरूळच्या डोंगरावरून येळगंगेचे पाणी कोसळते, आणि तेच पाणी खडकाच्या बारीक भेगांतून आत झिरपू पाहते. बाराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी कितीही दक्षता घेतली असली, तरी आज ती लेणी उभी राहतात ती त्या भेगांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांमुळे. दर मंगळवारी लेण्यांचे दार पर्यटकांना बंद असते; सहलीचे शिक्षक तो वार टाळून येतात आणि कोणी त्याबद्दल कुरकुर करीत नाही. योगायोग असा, की मायक्रोसॉफ्टची नियमित ठिगळेही दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्या आठवड्यातील अर्धा दिवस प्रत्येक शाळेने, पतपेढीने आणि कचेरीने आपल्या संगणकांसाठी राखून ठेवावा, खिडकीवर तशी पाटी लावावी, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपण नागरिकांनी त्या अर्ध्या दिवसाची गैरसोय कुरकुर न करता सोसावी.